जबड्याच्या सांध्याचा एमआरआय: कधी करायचा, कसा करून घ्यायचा?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवसाचे पाच-सहा तास बोलण्यात जातात, त्यामुळे तोंड नीट न उघडणं हा माझ्यासाठी लहान त्रास नाही. जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपासून उजव्या कानापुढे टक् असा आवाज यायचा. कडक भाकरीचा घास चावताना, जांभई देताना. शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा. दुखत काही नव्हतं, म्हणून सोडून दिलं. या पौषात शेतावर हुरड्याला गेलो. हुरडा झाला, वरून दोन कांडी ऊस दातांनी सोलून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश तोंडात जाईना. दोन बोटं कशीबशी मावतात, तिसरं नाही. त्याच दिवसापासून तो टक् आवाजही बंद झाला. आवाज गेला म्हणजे बरं व्हायलंय, असं मी धरून चालले.

कानशील ठणकत होतं म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ निघाला. मग दातांच्या दवाखान्यात. तिथे ओपीजी काढला, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे. त्यातही काही नाही. आठ दिवस गोळ्या. नंतर एका ठिकाणी चिठ्ठीवर 'एमआरआय फेस' एवढंच लिहून मिळालं. रजा टाकून शहरातल्या एका सेंटरवर गेले. तोंड मिटलेलं ठेवून आत झोपवलं, थोड्या वेळात बाहेर काढलं. रिपोर्टमध्ये सायनस, लाळग्रंथी सगळं नॉर्मल. जबड्याच्या सांध्यावर एक ओळ नाही. महिन्याच्या किराण्याचे पैसे गेले आणि तोंड होतं तिथंच.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून विचारलं, "तोंड उघडून काढलाच नाही का?" तेव्हा कळलं की या सांध्याचा एमआरआय वेगळा असतो. आता पुन्हा करायचा का? खरंच गरज आहे का? आणि केलाच तर या खेपेला चूक होऊ नये म्हणून काय सांगायचं?

हनुवटी | सोमवार, रात्री १०:४०

ताई, मी मुख व जबडा शल्यचिकित्सक आहे, नांदेडकडचा. इथे बसून निदान देत नाही, पण तुमच्या लिहिण्यात एक वाक्य फार मोलाचं आहे: तोंड अडकलं त्याच दिवशी आवाज थांबला. ते कोणत्याही डॉक्टरला पहिल्यांदा सांगा.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट केली की जे हलतं ते खालच्या जबड्याचं गोल डोकं. त्याला आम्ही कंडाइल म्हणतो. ते वरच्या कवटीच्या खाचेत बसतं. हाडावर हाड घासू नये म्हणून मध्ये एक चकती असते, दोन्ही कडांना जाड आणि मधोमध पातळ. डोक्यावर घागर घेताना मध्ये चुंबळ ठेवतात ना, तशी. आपण तोंड उघडतो तेव्हा कंडाइल आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे घसरतं. चुंबळही त्याच्याबरोबर पुढे जायला हवी.

काही जणांची चुंबळ हळूहळू पुढे सरकून बसते. तोंड उघडताना कंडाइल तिच्या जाड कडेवरून उडी मारून परत तिच्यावर चढतं. तो टक्. हा प्रकार वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. पण एखाद्या दिवशी चकती इतकी पुढे अडकते की कंडाइलला तिच्यावर चढताच येत नाही. उडीच नाही, म्हणून आवाज नाही. आणि वाट अडलेली, म्हणून तोंड उघडत नाही. आमच्या भाषेत याला बंद कुलूप म्हणतात. आवाज जाणं ही सुधारणा नसून पुढची पायरी असू शकते.

ओपीजीत काही का दिसलं नाही, तेही यावरून कळेल. एक्स-रेला डोकं दिसतं, घागर दिसते, मधलं कापड दिसत नाही. चकती तंतुमय कूर्चेची असते, हाडाची नाही. ती प्रत्यक्ष दाखवणारी आज हाताशी असलेली सर्वांत चांगली तपासणी एमआरआय हीच. पूर्वी सांध्यात सुईने रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढावे लागत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या सांध्याचे एमआरआय होऊ लागले आणि ती टोचाटोची मागे पडली. यात किरणोत्सर्गही नाही.

तीन गोष्टी कळवा: वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये किती मिलिमीटर अंतर पडतं (शाळेतली पट्टी चालेल), उघडताना हनुवटी कोणत्या बाजूला वळते, आणि किती आठवडे झाले.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ११:०५

आरशासमोर पट्टी धरली. २६ मिलिमीटर. हनुवटी उजवीकडे जाते. सात आठवडे झाले.

हनुवटी | मंगळवार, सकाळी ७:२०

मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतात. हनुवटी ज्या बाजूचा सांधा अडलेला असतो त्या बाजूला ओढली जाते. तुमच्या तिन्ही उत्तरांची दिशा एकच आहे.

आता मूळ प्रश्न. प्रत्येक जबडादुखीला एमआरआय लागत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो. माझ्याकडे येणाऱ्यांत कितीतरी जणांचं दुखणं सांध्याचं नसून चावण्याच्या स्नायूंचं असतं: झोपेत दात खाणारे, ताणात दात आवळून बसणारे. बोटाने गाल आणि कानशील दाबलं की नेमकी तीच वेदना उठते. तिथे एमआरआयने हाती काही लागत नाही. पण कुलूप लागलेलं आहे, मऊ खाणं, शेक, व्यायाम करूनही काही आठवडे हलत नाही, पुढे सुईने सांधा धुवायचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार आहे, किंवा संधिवात वा गाठीची शंका आहे, अशा वेळी चित्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुमच्या बाबतीत मी नीट केलेला एमआरआय मागवला असता.

बिंदुसरा | मंगळवार, दुपारी १:५०

मी बीडमध्ये एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करतो. ताईंसारखे पेशंट आमच्याकडेही येतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

चिठ्ठीवर 'फेस' लिहिलं की मशीनवर चेहऱ्याचा ठरलेला क्रम लागतो. सांधा त्यात येतो, पण जाड छेदांमध्ये (छेद म्हणजे चित्राचे काप) आणि मिटलेल्या तोंडात. जी चकती काही मिलिमीटरची आहे ती त्यात हरवते. यात पेशंटचा काही दोष नाही. चिठ्ठी अपुरी होती आणि समोरच्याने फोन करून विचारायला हवं होतं.

चिठ्ठीवर असं लिहून घ्या: 'दोन्ही बाजूंच्या टीएमजेचा एमआरआय, तोंड मिटून आणि तोंड उघडून'. टीएमजे म्हणजे हाच जबड्याचा सांधा. दोन्ही बाजू यासाठी की दुखणारी एक असली तरी जबड्याचं हाड एकच आहे, आणि चांगल्या बाजूशी ताडून बघता येतं. छेद ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत, आणि कंडाइलच्या स्वतःच्या तिरक्या अक्षाला धरून घेतलेले. समोरून घेतलेले छेदही हवेत, कारण चकती कधी कधी पुढे न जाता आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला सरकते. साध्या शब्दांत सांगायचं तर काही चित्रं रचना दाखवण्यासाठी असतात. त्यांना पीडी म्हणतात, चकती त्यांत छान उठून दिसते. दुसरी टी-टू, त्यांत सांध्यात साचलेलं पाणी पांढरं चमकतं. शिरेतून औषध देऊन काढायचा एमआरआय फक्त संधिवात, जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका असेल तर. साध्या कुलपाला तो लागत नाही.

तोंड उघडून म्हणजे जेवढं उघडतं तेवढं. दातांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा किंवा तसलंच काही बसवतात आणि काही मिनिटं स्थिर राहायचं. इथेच लोक हलतात, लाळ गिळतात आणि चित्र पुसट होतं. घरी आदल्या दिवशी सराव करून या. खूप दुखत असेल तर उघड्या तोंडाची चित्रं आधी घ्यायची विनंती करा, नंतर दमायला होतं.

बायकांसाठी खास: मंगळसूत्र, जोडवी, कानातलं तर काढताच, पण साडीच्या निऱ्यांतल्या सेफ्टी पिना आणि केसांतले चाप राहून जातात. दातांना तारा लावल्या असतील तर आधी सांगा, स्टीलच्या तारांमुळे चित्र वाकडं येतं. हृदयात पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लियर यंत्र, मेंदूतली क्लिप, किंवा वेल्डिंग-लेथवर काम करताना डोळ्यात कण गेल्याचा इतिहास, यांतलं काहीही असेल तर दाराबाहेरच सांगायचं. लपवायचं नाही.

डहाळे | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

बिंदुसरा भाऊ, मला त्या बोगद्याची फार भीती वाटते. मागच्या वेळी कमरेच्या एमआरआयला मी मध्येच घंटी दाबून बाहेर आले होते.

बिंदुसरा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

घाबरणारे पुष्कळ असतात. जबड्याला डोकं आत जातंच, ते टळत नाही. पण आत जाण्याआधीच डोळ्यांवर रुमाल घ्या, कानात बोळे घ्या, घंटी हातात असतेच. सोबतच्या माणसाची तपासणी करून त्याला खोलीत उभं राहू देतात, त्याने पायाला हात लावून ठेवला तरी धीर येतो. फारच भीती असेल तर डॉक्टर झोपेचं हलकं औषध देतात, पण मग तोंड उघडं धरणं अवघड होतं. हे आधी बोलून ठेवा.

चिंचेचा पार | मंगळवार, रात्री ८:३०

डॉक्टरसाहेबांच्या एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. 'आधी काही आठवडे व्यायाम, मग गरज पडली तर एमआरआय' हे शहरातल्याला परवडतं. आमच्याकडून भूम-परांड्याच्या पुढून सोलापूर नाहीतर लातूर गाठायचं तर पूर्ण दिवस जातो, दोन माणसांचा रोज बुडतो. ऊसतोडीला गेलेल्याला तर चार-पाच महिने दवाखानाच दिसत नाही. असा माणूस एकदा शहरात आलाय तर त्याच खेपेला चित्र काढून मोकळं व्हावं. तीन खेपांपेक्षा एक एमआरआय स्वस्त पडतो.

हनुवटी | मंगळवार, रात्री ९:५५

तुमचं गणित खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. माझ्या ओपीडीत सकाळी नऊला आलेला माणूस पहाटे चारला घरून निघालेला असतो. म्हणून एक दुरुस्ती मान्य करतो: लांबून आलेल्याची तपासणी आणि लागला तर एमआरआय एकाच दिवशी व्हायला हवा, आणि ती जुळवाजुळव डॉक्टरने करायची आहे, पेशंटने नव्हे.

पण तपासणीच्या आधी एमआरआय नको, यावर मी कायम आहे. खर्च हे त्याचं एकच कारण नाही. ज्यांना कसलाही त्रास नाही, दुखणं नाही, अशा लोकांचे एमआरआय अनेक अभ्यासांत काढले गेले. त्यांतल्या साधारण एक-तृतीयांश लोकांची चकती जागेवरून सरकलेली निघाली. म्हणजे गावातल्या पारावरच्या दहा जणांना मशीनमध्ये घातलं तर तिघांच्या रिपोर्टवर 'चकती सरकली' असं येईल आणि ते तिघं हुरडा खात मजेत असतील. बोटांनी न तपासता आधी चित्र बघितलं, तर दुखणारा स्नायू बाजूला राहतो आणि सगळं खापर चकतीवर फुटतं.

कयाधू | बुधवार, सकाळी ६:३०

हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून विचारते. माझ्या मुलीच्या (वय १९) रिपोर्टमध्ये 'दोन्ही बाजूंची चकती पुढे सरकलेली, उघडल्यावर परत बसणारी' असं आलंय. तिला फक्त आवाज येतो. एके ठिकाणी ऑपरेशनचं नाव काढलं. लग्नाआधी उरकून घ्या म्हणाले.

हनुवटी | बुधवार, सकाळी ८:१०

ताई, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अडकत नाही, एवढं जर खरं असेल तर नुसत्या आवाजासाठी ऑपरेशन करायचं नसतं. घाई तर बिलकूल नको. रिपोर्ट खोटा नाही, पण तो मुलीच्या त्रासाबद्दल बोलत नाही, चकतीच्या जागेबद्दल बोलतो. दुसरं मत घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा लातूर-नांदेडकडच्या दंत महाविद्यालयांत मुखशल्य विभाग आहेत. मुलीला उसाची कांडी, कच्ची सुपारी, मोठा आ करून जांभई यांपासून जपायला सांगा आणि अडकायला लागलं तर लगेच दाखवा.

याची दुसरी बाजूही सांगतो. जबड्याच्या सांध्याचे आणि स्नायूंचे आजार ओळखण्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेले डीसी-टीएमडी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, आम्ही सगळे ते वापरतो. हाताने तपासून 'सरकून परत बसणारी चकती' ओळखण्याची संवेदनशीलता त्यांत ०.३४ एवढीच आहे. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या तीनांपैकी दोन आमच्या बोटांतून निसटतात. कुलूप लागून तोंड कमी उघडत असेल तेव्हा मात्र तीच संवेदनशीलता ०.८० आहे. म्हणून जिथे निर्णय चकतीवर टेकलेला आहे तिथे बोटांवर विसंबू नका म्हणतो, आणि जिथे निर्णय चकतीवर नाही तिथे एमआरआय नको म्हणतो. मुलीच्या बाबतीत निर्णय चकतीवर नाही.

दुधना | बुधवार, दुपारी ३:२५

मी परभणीकडची. आमच्या मालकाचं तोंड वर्षापासून कमी कमी उघडायलंय. आता दीड बोट. भाकरीचा घास मावत नाही, कुस्करून काला करून देते. कानापुढे दुखत नाही, आवाज नाही. ठेचा लागला की तोंडाची आग आग होते म्हणतात, आता बिनतिखटाचंच खातात. आमच्या गावच्या एकाने एमआरआय करा म्हणून सांगितलं. पैसे जमवायलोत. करावा का?

हनुवटी | बुधवार, दुपारी ३:४०

ताई, थांबा. पैसे जमवू नका. एक विचारतो, रागावू नका: सुपारी, गुटखा, मावा यांतलं काही खातात का?

दुधना | बुधवार, संध्याकाळी ७:०२

गुटखा. पंधरा वर्षं झाली. दिवसाला दहा-बारा पुड्या. टेम्पोवर असतात.

हनुवटी | बुधवार, संध्याकाळी ७:३०

तर मग हा सांध्याचा आजार नसण्याचीच शक्यता फार आहे आणि त्याला एमआरआयची नाही, तोंडात बॅटरी घालून बघण्याची गरज आहे. गालाच्या आत पांढरट, कडक झालेली त्वचा, बोटाने चाचपलं तर दोरीसारखे ताणलेले पट्टे लागतील. तिखटाने आग होणं हे त्याचं ठळक लक्षण. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या आतलं आवरण घट्ट होत जातं आणि तोंड मिटत जातं. यात सांधा बहुधा शाबूत असतो. त्याचा एमआरआय केला तर 'नॉर्मल' येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, तेच मला सगळ्यात जास्त घाबरवतं. कारण ही अवस्था काही जणांत पुढे कर्करोगाकडे जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीवर पंचविशीतली पोरं दीड बोट तोंड घेऊन येतात.

या आठवड्यातच दाखवा. जवळचं जिल्हा रुग्णालय, तिथे दंत विभाग असतो. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. त्याला घाबरायचं नाही. आणि पुडी आजपासून बंद, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा बंद.

बाकीच्यांसाठी इथेच लिहून ठेवतो. तोंड न उघडण्याची वाट दरवेळी सांध्याकडेच जात नाही. अक्कलदाढेचा पू, धनुर्वात, सुपारी, हे सगळे तोंड मिटवतात. मूल हनुवटीवर आपटलं आणि नंतर तोंड कमी उघडायला लागलं तर आधी हाड बघायचं, म्हणजे सीटी. त्यात उशीर केला तर सांधा हाडाने जखडतो आणि चेहरा एका बाजूने वाढत नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला चावताना जबडा भरून येत असेल, सोबत कानशील दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. जिना चढताना जबडा दुखत असेल तर आधी ईसीजी.

चिंचेचा पार | बुधवार, रात्री ८:१५

माझं कालचं म्हणणं मागे घेतो. तपासणी आधी. परभणीच्या ताईंचं वाचून पटलं.

मांजराकाठ | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:००

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

बिंदुसरा भाऊंनी लिहिलेली ओळ मी जशीच्या तशी चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घेतली. यावेळी दुसऱ्या सेंटरवर आधी फोन केला, "टीएमजेचा तोंड उघडून करता का?" असं विचारलं. एका ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी हो. अर्धा-पाऊण तास लागला. तोंडात ठोकळा घेऊन पडून राहताना गिळायची इच्छा आवरणं हेच अवघड होतं. मनात पाढे म्हटले, २९ च्या पाढ्यापर्यंत गेले.

डॉक्टरांनी चित्रं संगणकावर लावून शेजारी बसवून दाखवली. डावीकडे ती काळसर, डमरूसारखी चकती कंडाइलच्या बरोबर डोक्यावर, घड्याळात १२ वाजतात तिथे. तोंड उघडलेल्या चित्रात कंडाइलबरोबर पुढे गेलेली. उजवीकडे मिटलेल्या तोंडातही ती पुढे घसरलेली, आणि उघडलेल्या चित्रात कंडाइलच्या पुढ्यात घडी पडून बसलेली. मागे पांढरं पाणी. दोन वर्षांचा तो टक् आणि मग ती शांतता, मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. हाड झिजलेलं नव्हतं.

आधी तीन आठवडे मऊ खाणं, गरम शेक, रात्री दातांवर बसवायची पट्टी, आणि बोटांनी तोंड ताणण्याचा व्यायाम झाला. २६ वरून ३० पर्यंत आले. मग सांधा धुतला. भूल फक्त कानापुढे, सांध्याच्या वरच्या कप्प्यात दोन सुया, एकीतून सलाईन आत, दुसरीतून बाहेर. संध्याकाळी घरी. काल मोजपट्टी लावली तर ३७. चकती जागेवर परत गेलेली नसेल, तरी सांधा तिच्याशिवाय चालायला शिकतो, असं डॉक्टर म्हणाले. वर्गात सलग दोन तास कविता शिकवता आल्या.

पहिल्या सेंटरचे पैसे गेले ते गेलेच. पण माझ्या शाळेत दोन सहकारी आहेत ज्यांना टक् होतं. त्यांना मी हा धागा पाठवला आणि ऊस दातांनी सोलू नका म्हणून बजावलं.

दुधनाताई, तुमचं काय झालं? रोज येऊन बघते.

दुधना | त्याच दिवशी, रात्री ९:४५

ताई, दाखवलं. डॉक्टरांनी बॅटरी धरून लगेच सांगितलं, तेच आहे म्हणून. गालातला तुकडा काढून पाठवला होता, आठ दिवस घरात चूल पेटवायला मन होत नव्हतं. कर्करोग नाही आला. गालात इंजेक्शनं सुरू आहेत, तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. पहिल्या दिवशी अकरा मावल्या, आज पंधरा. एमआरआयला जमवलेल्या पैशांतून जायायचं भाडं निघायलंय. पुडी सोडून आज एकतीस दिवस झाले. टेम्पोत पुढे लेकीचा फोटो लावलाय, तिनंच चिकटवला.